धूर कुठवर पोचतो? घरातले अनुभव लिहा

पाऊलवाट
काल लेक उत्सर्जनसंस्थेची आकृती काढत होती. मूत्रपिंडं, दोन नळ्या, खाली मूत्राशय. नावं लिहिता लिहिता म्हणाली, "काकाआजोबांना इथे कॅन्सर झाला होता ना? पण ते तर सिगारेट ओढायचे, मग इथे कसा?" तेव्हा घरात सगळ्यांनी हेच विचारलं होतं. काकांना ना खोकला, ना दम. एक दिवस लघवी लाल झाली, दुखलं काहीच नाही, दुसऱ्या दिवशी साफ. उष्णता झाली असेल म्हणाले. काही महिन्यांनी पुन्हा तेच. मग दुर्बीण घालून पाहिलं तर गाठ.

धुरातली रसायनं फुफ्फुसातून रक्तात उतरतात. मूत्रपिंडं ती गाळून लघवीत टाकतात आणि ती लघवी तासन्‌तास मूत्राशयाच्या अस्तराला लागून राहते. ओढणाऱ्यांना हा कॅन्सर व्हायचा धोका न ओढणाऱ्यांच्या साधारण तिप्पट. सगळ्यांना फक्त फुफ्फुस माहीत असतं, म्हणून धागा काढला. ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी लिहा. ओढणाऱ्यांनीही लिहा, इथे कुणी बोल लावणार नाही.

खारूताई
बाबांना स्वरयंत्राचा. आवाज बसला तो बसलाच. तीन आठवडे झाले तरी आवाज सुटत नसेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवाच. बाबांचं लवकर कळलं, रेडिएशनवर भागलं, आवाज राहिला. घोगरा आहे पण त्यांचाच आहे. बाकी रात्री लिहिते, मुलाला क्लासला सोडायचंय.

सडेतोड
आमचे आजोबा नव्वदीपर्यंत बिड्या ओढत होते. काहीही झालं नाही.

निळीशाई
@सडेतोड, आजोबांना दीर्घायुष्य लाभलं, छानच. पण जे पन्नाशीत गेले ते सांगायला येत नाहीत ना. ब्रिटनमध्ये 1951 साली डॉक्टरांनाच पत्रं पाठवून त्यांच्या सवयी विचारल्या आणि पुढे पन्नास वर्षं त्यांचा माग ठेवला. ओढत राहिलेले सरासरी 10 वर्षं आधी गेले. त्यातलाच दुसरा आकडा मला जास्त मोलाचा वाटतो. साठीत सोडली तरी साधारण 3 वर्षं परत मिळतात, पन्नाशीत 6, चाळिशीत 9. तिशीत सोडली तर जवळजवळ सगळंच. "आता या वयात सोडून काय उपयोग" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते.

सडेतोड
साठीतही 3 वर्षं? हे वडिलांना वाचून दाखवतो. ते चौसष्टचे आहेत.

अबोली
माझं वेगळं आहे. आत्याला फुफ्फुसाचा झाला आणि तिनं आयुष्यात सिगारेटला हात लावला नव्हता. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, "ओढायच्या का?" ती नाही म्हणायची आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर अविश्वास दिसायचा. शेवटी शेवटी तिनं लोकांना भेटणंच बंद केलं. न ओढणाऱ्यांनाही हा कॅन्सर होतो. आणि ओढणाऱ्याला झाला म्हणून तो दयेला कमी पात्र ठरतो का? कृपा करून आजारी माणसाला पहिला प्रश्न हा विचारू नका.

पाऊलवाट
अबोली 🙏 फार वाईट वाटलं. घरात दुसरं कुणी ओढायचं का? (आत्यांना दोष म्हणून नाही विचारत.)

अबोली
हो, यजमान. रोज, बंद खोलीत. जपानमध्ये 1981 सालीच अभ्यास झाला होता की ओढणाऱ्यांच्या न ओढणाऱ्या बायकांमध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर जास्त दिसतो. आत्याला त्यामुळेच झाला असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण मामांनी तिच्या निदानाच्या दिवशी सोडली ती सोडलीच.

घाईगडबड
कुणी व्हिटॅमिनच्या गोळ्यांचं सांगेल का? भाऊ सोडत नाही, म्हणतो रोज बीटा कॅरोटीन घेतो, फुफ्फुसं साफ राहतात

निळीशाई
@घाईगडबड, त्या गोळ्या आधी बंद करा! फिनलंडमध्ये ओढणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीन देऊन पाहिलं होतं, निकाल 1994 ला आला. गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर 18 टक्क्यांनी जास्त निघाला. भाज्याफळं वेगळी, गोळी वेगळी. त्यापेक्षा सोडण्यासाठी औषधं मिळतात ती द्या. निकोटीनची च्युइंगगम, पट्टी, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या. तलफ निकोटीनची असते, कॅन्सर मुख्यतः धुरातल्या बाकीच्या रसायनांनी होतो. म्हणून च्युइंगगमची भीती नको.

घाईगडबड
बापरे. आत्ता फोन करते त्याला

खारूताई
आले. मघाशी राहिलेलं लिहिते. बाबा "मी दिवसाला चारच ओढतो" म्हणायचे, पण तीस वर्षं ओढत होते. कॅन्सरच्या बाबतीत रोजचा आकडा महत्त्वाचा आहेच, पण किती वर्षं ओढली हे त्याहून महत्त्वाचं. कमी ओढणं म्हणजे सोडणं नव्हे. आणि निळीशाई, तुम्ही डॉक्टर आहात का हो?

निळीशाई
नाही, शिक्षिका आहे. भावाच्या आजारपणात वाचत गेले.

खारूताई
❤️ भाऊ आता कसे आहेत?

निळीशाई
नाहीये तो. चला, वर्गावर जायचंय.

सडेतोड
ताई, फार वाईट झालं. वडिलांशी बोललो. छातीचा एक्स-रे काढून घेऊ म्हणतात, साफ आला तर ओढत राहणार.

रानवारा
@सडेतोड, एक्स-रे साफ म्हणजे फुफ्फुस साफ असं नसतं, लहान गाठी त्यात सुटतात. वर्षानुवर्षं भरपूर ओढणाऱ्यांसाठी कमी मात्रेचा सीटी स्कॅन असतो. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत एक्स-रेच्या तुलनेत त्यानं फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू 20 टक्क्यांनी कमी झाले (2011). काढायचा की नाही ते डॉक्टर वय आणि ओढलेली वर्षं बघून ठरवतील. पण स्कॅन साफ आला तरी ती ओढत राहायची परवानगी नाही, हे आधीच बोलून ठेवा.

मृगजळ
पाऊलवाट, एक विचारायचं होतं. सासऱ्यांना मूत्राशयाचंच निघालंय, वरवरचं आहे म्हणतात. गाठ खरवडून काढली. आता बीसीजी देणार म्हणे. ती तर टीबीची लस ना??

पाऊलवाट
तीच. नळीनं मूत्राशयात सोडतात, त्यानं तिथली प्रतिकारशक्ती जागी होते. बहुतेक आठवड्याला एक, अशा सहा देतात. काकांना दोन दिवस जळजळ व्हायची, अंग कसकसायचं. ताप जास्त चढला किंवा उतरला नाही तर मात्र लगेच कळवा. औषध साधारण दोन तास आत धरायचं असतं. नंतर बसूनच लघवी करायला सांगा, आणि पुढचे सहा तास प्रत्येक वेळी भांड्यात ब्लीच टाकून पंधरा मिनिटांनी पाणी सोडा. दुर्बिणीच्या तपासण्या अजिबात चुकवू नका, हा परत परत येतो.