पॅरिसमध्ये मोठं जेवण दुपारीच घ्यावं, तेही बिस्त्रोत. पटतं का?

वाटाड्या
पॅरिसला जाणाऱ्यांचा बेत बहुधा ठरलेला असतो: दिवसभर सँडविचवर भागवायचं आणि रात्री एखाद्या 'चांगल्या' रेस्तराँत बसायचं. माझं म्हणणं, हे नेमकं उलटं करा.

सोमवार ते शुक्रवार दुपारी बहुतेक बिस्त्रोंत, म्हणजे छोट्या साध्या रेस्तराँत, 'फॉर्म्युल' (ठरलेल्या भावाचं जेवण) असतो: आधीची डिश आणि मुख्य पदार्थ, किंवा मुख्य पदार्थ आणि गोड. साधारण १८ ते २५ युरो. रात्री त्याच स्वयंपाकघरातला नुसता मुख्य पदार्थ तेवढ्याला पडतो. दुपारी दोन-तीनच पदार्थ एकदम मोठ्या प्रमाणात रांधलेले असतात, ऑफिसवाल्यांना तासाभरात उठायचं असतं, म्हणून परवडतं. शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी हा भाव सहसा मिळत नाही.

दारातल्या काळ्या पाटीवर खडूने लिहिलेलं वाचा. पदार्थ थोडे असतील आणि संपलेला पुसलेला दिसला, तर बेधडक आत जा. सहा भाषांतलं फोटोवालं मेनूकार्ड आणि दारात उभा राहून बोलावणारा माणूस दिसला, तर पुढे चला. सेन नदीच्या डाव्या काठावरच्या र्‍यू द ला ह्युशेत या रस्त्यावर असे बरेच भेटतील.

सव्वाबाराला पोचा. पाऊण ते सव्वा या वेळात जागा मिळत नाही आणि दोन-अडीचला स्वयंपाकघर बंद होतं, ते थेट संध्याकाळी सात-साडेसातला उघडतं. पाणी मागताना 'काराफ दो' म्हणा, नळाचं पाणी फुकट येतं. नुसतं 'वॉटर' म्हटलं की बाटली येते आणि बिलात चढते. सेवाशुल्क किमतीतच धरलेलं असतं, टीप ऐच्छिक. बिल मागितल्याशिवाय कुणी आणत नाही, ताटकळत बसू नका.

तिखटमीठ
मांसाहाऱ्यांसाठी सल्ला उत्तम. शाकाहारी माणसासाठी मात्र दुपारचा बिस्त्रो ही सगळ्यात अवघड जागा आहे, आणि कारण तुम्हीच दिलंय: दोन-तीनच पदार्थ, तेही आधीच शिजलेले. त्यात बदल करून मिळत नाही. कांद्याचं सूप पारंपरिक पद्धतीत बीफच्या रश्शात होतं. कीश लोरेन या खाऱ्या टार्टमध्ये आणि कित्येक सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. थंड गोड पदार्थांत जिलेटिन असू शकतं, आणि कोंतेसारख्या चीजमध्ये प्राणिज रेनेट (दूध गोठवणारा घटक) असतंच.

त्यापेक्षा मोंपारनासला, एद्गार किने मेट्रोजवळच्या र्‍यू द्यु मोंपारनासवर जा. क्रेप, म्हणजे पातळ धिरडी, ही फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताची खासियत. तिथून येणाऱ्या गाड्या मोंपारनास स्टेशनात येतात, म्हणून त्या भागात क्रेपची दुकानं रांगेने आहेत. तिथली खारी 'गालेत' कुट्टूच्या पिठाची, समोर तव्यावर घातलेली. 'कोंप्लेत' मागवली तर हॅम, अंडं, चीज येतं. 'सां जांबों' म्हटलं की हॅमशिवाय. मशरूम, पालक, बकरीच्या दुधाचं चीज असेही प्रकार मिळतात. पण तवा एकच असतो, त्यावर हॅमही परततात, हे कडक शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवावं. अंडंही चालत नसेल तर पीठ कशात भिजवलंय ते विचारा: खाऱ्या गालेतमध्ये बहुतेक ठिकाणी अंडं नसतं, गोड क्रेपमध्ये असतंच.

माऱे भागात र्‍यू दे रोझिएवरचं फलाफल हा दुसरा पर्याय. १० युरोंच्या आसपास पोट भरतं. तिथली ज्यू मालकीची दुकानं शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी दिवस मावळेपर्यंत बंद असतात, आणि नेमकी शनिवारीच मंडळी तिथे धडकतात.

खमंग
मला वाटाड्यांचा दुपारचा हट्टच पटत नाही. दुपारचे दोन तास म्हणजे लूव्र किंवा ओर्से संग्रहालयातले दोन तास. रात्री स्वस्तात फ्रेंच जेवायचं असेल तर 'बुयों', म्हणजे मोठी स्वस्त भोजनालयं, आहेत की. त्यातलं शार्तिए १८९६ पासून चालू आहे, ग्राँ बुलव्हार मेट्रोजवळ. आरक्षण नाही, रांग लावायची. वेटर बिल टेबलावरच्या कागदी आच्छादनावर हाताने लिहून बेरीज करतो. उकडलेलं अंडं आणि मेयोनेज ५ युरोंच्या आत. सहाजणांचं कुटुंब बिस्त्रोच्या टीचभर टेबलांवर मावत नाही, इथे मावतं. पीगालच्या बुयोंत आरक्षणही मिळतं.

वाटाड्या
बुयों स्वस्त आहेत, मान्य. पण शेकडो ताटं भराभर बाहेर काढायची म्हणजे मांस आधीच शिजवून ठेवलेलं. बीफ बुर्गिन्योंसारख्या सावकाश शिजणाऱ्या पदार्थाला ते मानवतं, उलट चव मुरते. स्टेकला मानवत नाही. तिथे जाणार असाल तर रश्श्याचे पदार्थच मागवा. 'आंदुयेत' दिसलं तर समजून घ्या, ते आतड्याचं सॉसेज आहे आणि वास उग्र असतो. वेळेबद्दल म्हणाल तर ओर्से गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत उघडं असतं. त्या दिवशी दुपारी निवांत जेवा आणि संग्रहालय संध्याकाळी बघा.

चौकस
ला शापेलचं नाव अजून कुणीच काढलं नाही. गार द्यु नोर स्टेशनच्या मागे, फोबूर सें-दनीच्या वरच्या टोकाला, श्रीलंकन तमिळ वस्ती आहे. डोसा, इडली, कोत्तू रोटी, तेही दुपारी तीन-चारला, बाकी शहराची स्वयंपाकघरं बंद असताना. आठवडाभराच्या सहलीत आजी-आजोबा बरोबर असतील तर ही जागा मोठा आधार आहे. गणेशोत्सवाच्या सुमारास एका रविवारी तिथल्या गणपती मंदिराची रथयात्रा निघते, त्या दिवशी रस्ते माणसांनी भरलेले असतात.

खमंग
इतक्या लांब जाऊन इडली? ज्यांना पथ्य नाही त्यांनी तरी तसं करू नये. त्यापेक्षा १३व्या विभागात अव्हेन्यू द श्वाझीवर व्हिएतनामी फो (नूडल्सचं सूप) घ्या. व्हिएतनाम ही फ्रेंचांची वसाहत होती, १९७५ नंतर तिथून बरेच निर्वासित या भागात येऊन राहिले. ते जेवण पॅरिसच्या इतिहासाचाच भाग आहे.

चौकस
मग हाच न्याय ला शापेलला का नको? १९८०च्या दशकात श्रीलंकेतल्या यादवी युद्धातून पळालेल्या लोकांनीच ती वस्ती उभी केली. फो पॅरिसचं आणि डोसा मात्र परका, हे मला मान्य नाही.

तिखटमीठ
चौकसांशी सहमत. ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांसाठी एक जोडते: त्या महिन्यात मालक सुट्टीवर जातात आणि पुष्कळ बिस्त्रो दोन-तीन आठवडे बंद असतात. रविवार-सोमवारही बऱ्याच ठिकाणी सुट्टी. निघण्याआधी त्या जागेला फोन करा, नकाशावरच्या वेळा ऑगस्टमध्ये बऱ्याचदा चुकीच्या असतात.