मदत हवी आहे: हिरड्यांसाठीच्या कॅप्सूलची चाचणी, आईने सही करावी का?

नमस्कार. सोमवारी आईला संमतीपत्रावर सही करायची आहे, म्हणून घाईने विचारतेय.

आई ६१ वर्षांची. शुगर आहे, शिवाय हृदयासाठी रोज ७५ ची ॲस्पिरिन. हिरड्यांतून रक्त यायचं म्हणून इथल्या डेंटल कॉलेजात नेलं. स्केलिंग झालं (दातांवरचा कीटण खरवडून काढतात ते), रक्त थांबलं. आता तिथेच ओमेगा-३ च्या कॅप्सूलची चाचणी आहे: आजार पुन्हा उलटू नये म्हणून सहा महिने घ्यायची. निम्म्यांना खरी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कुणाला कुठली मिळतेय हे डॉक्टरांनाही कळणार नाही.

परवा मोजणी झाली तेव्हा मी शेजारीच होते. खुणा असलेली बारीक सळई दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीत घालून डॉक्टर आकडे सांगत होत्या, "तीन, दोन, तीन, पाच", आणि एक मुलगी लिहून घेत होती. पाच ऐकलं की आई माझा हात दाबायची. मोठा आकडा वाईट, हे तिला न सांगता कळलं होतं. (तीन मिलिमीटरपर्यंत ठीक असतं, असं मला नंतर समजलं.)

माझी खरी अडचण अशी की आई माळकरी आहे. पंढरपूरला माळ घातली त्याला तीस वर्षं झाली. संमतीपत्राच्या सहा पानांत तेल माशाचं की कशाचं, याबद्दल अक्षर नाही. विचारलं तर "औषधच आहे, त्यात काय एवढं" म्हणाले. ते फार लागलं मला. नकळत पोटात गेलं आणि मागून समजलं, तर आई अन्न सोडेल.

आणि ती आत्तापासूनच म्हणतेय, "गोळी सुरू झाली की रात्रीचा ब्रश कशाला?" तिला कसं समजावू? ॲस्पिरिनबरोबर हे चालतं का?

प्रतिसाद
ताई, मी हिरड्यांचीच डॉक्टर आहे. ओमेगा-३ बहुतेक वेळा माशाच्या तेलातलं असतं, शेवाळातून काढलेलंही मिळतं. पण वेष्टन जिलेटिनचं असेल तर तेही प्राण्यापासूनचं, आणि बिनऔषधाच्या कॅप्सूललाही तेच वेष्टन असणार. म्हणजे आई कुठल्याही गटात गेली तरी प्रश्न राहतोच. उत्तर लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे. संमतीपत्रावर एथिक्स कमिटीचा संपर्क असतो, तिथे थेट फोन करा.

ॲस्पिरिनने सळई लागताच रक्त जास्त येऊ शकतं, आणि अशा चाचणीत रक्त येणं हेच तर मोजतात. सीटीआरआय, म्हणजे देशातल्या अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीच्या साइटवर चाचणीची नोंद बघा (२००९ पासून ती सक्तीची आहे), त्यात कुणाला घ्यायचं नाही ते लिहिलेलं असतं. हृदयाच्या डॉक्टरांनाही विचारा.

नाही म्हटलं तरी तिचे उपचार थांबत नाहीत. २०२० च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत तर स्केलिंगच्या जोडीला ओमेगा-३ देऊ नये असंच म्हटलंय. रात्रीचा ब्रश, फटीत घालायचा बारीक ब्रश आणि ताब्यातली शुगर, यावर तिच्या हिरड्या टिकतील.

धागाकर्ती
वेष्टनाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खूप आभार. आईला आत्ताच वाचून दाखवलं. म्हणाली, "विचार सगळं, पण त्या पोरींना बोलू नकोस. माझं रक्त त्यांनीच थांबवलं."