'पुण्यात माणसांपेक्षा गाड्या जास्त' हे नक्की मोजलंय कुणी?

सिंहगडरोडवाला
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत पार्किंगवरून दीड महिना महाभारत चालू आहे. कमिटीला दुसऱ्या गाडीचा चार्ज वाढवायचाय, ते एक वेळ ठीक, पण त्यासाठी ग्रुपवर फॉरवर्ड आलं की 'पुण्यात माणसांपेक्षा गाड्या जास्त, आरटीओची आकडेवारी', खाली लाल अक्षरांत आतातरी जागे व्हा वगैरे. मी आपलं सहज विचारलं काका हे कुठून आलं, तर सेक्रेटरी काका म्हणाले गूगल करा. केलं. तर खरंच दहा-बारा ठिकाणी तेच लिहिलंय, २०१८ च्या बातम्या आहेत, ३६ लाखांच्या वर गाड्या आणि ३५ लाख माणसं. आता आमच्या घरात माणसं पाच, त्यात एक आजी आणि एक दीड वर्षाची, गाड्या दोन. बहिणीकडे चार माणसं, दोन गाड्या. मग उरलेल्या गाड्या चालवतंय कोण?? पण दहा ठिकाणी छापून आलंय आणि नाव सरकारी खात्याचं, तर मी कोण खोटं म्हणणारा. तुम्ही लोक असला आकडा समोर आला की खरा-खोटा कसं ठरवता? मीटिंग रविवारी आहे, त्याआधी सांगा.

मिसळीत_पाव_नको
संध्याकाळी साडेसातला एफसी रोडला उभे राहा. पुरावा मिळेल. पुढचा विषय घ्या.

निवृत्त_आकडेमोड
नोकरीभर हेच केलं म्हणून जरा लांबण लावतो, कंटाळा आला तर सोडून द्या.

आरटीओ खोटं बोलत नाहीये. पण आज रस्त्यावर किती गाड्या आहेत हे आरटीओला कुणी मोजायला सांगितलेलंच नाही. तिथं नोंद होते ती गाडी घेतली की. आपल्याकडे खासगी गाडीचा कर एकरकमी, घेतानाच भरला की संपलं, त्यामुळे पुढची पंधरा वर्षं तिकडे फिरकायचं फारसं कारणच नसतं. गाडी मोडीत काढली तर चौदा दिवसांत कळवायचं असं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ मध्ये लिहिलंय. आता तुम्हीच सांगा, भंगारवाल्याला स्कूटर देऊन झाल्यावर किती जण संगम पुलाजवळच्या आरटीओ ऑफिसात अर्ज द्यायला गेले? म्हणजे ही अशी वही आहे की जमा रोज लिहिली जाते आणि खर्चाचं पान जवळपास कोरं. अशा वहीची बेरीज कधी कमी होणारच नाही, दरवर्षी नवा विक्रम, आणि दरवर्षी त्याची बातमी.

शिवाय एमएच १२ म्हणजे पुणे मनपा नव्हे. भोर, पुरंदरच्या गाड्याही त्याच नंबरच्या. उलट नागपूर, सोलापूरचे नंबर घेऊन इथं रोज फिरणाऱ्या हजारो गाड्या या आकड्यात नाहीतच, म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी आहे आणि ती एकमेकांत फिटते की नाही हेही कुणी बघितलेलं नाही.

आता माणसं. शेवटची जनगणना २०११ ची, तेव्हा पुणे मनपा हद्दीत ३१ लाख २४ हजार. २०२१ ची झालीच नाही, आता २०२७ ची जाहीर झालीय. मधल्या काळात जो आकडा ऐकाल तो २०११ वरून ताणलेला अंदाज. अंदाज करणं गैर नाही हो, पण हद्दपण हलली ना. २०१७ ला ११ गावं आत आली, २०२१ ला आणखी २३, नंतर त्यातली उरुळी देवाची आणि फुरसुंगी पुन्हा वेगळी निघाली (हा एक स्वतंत्र तमाशा आहे, असो). तर गाड्यांचा आकडा एका हद्दीतला आणि कित्येक वर्षं साचलेला, माणसांचा दुसऱ्या हद्दीतला आणि अंदाजाचा, आणि दोन्ही शेजारी ठेवून म्हणायचं हे मोठं की ते मोठं. हे चालत नाही, आणि दोन्हीतला फरक एवढासा असताना तर अजिबातच नाही.

दहा ठिकाणी आलंय म्हणता, त्या दहा बातम्या उघडून बघा. आकडे तेच, वाक्यंही जवळपास तीच. घागरी दहा, हापसा एकच. मी तर एवढंच बघतो की पहिल्यांदा हे मोजलं कुणी, त्याला ते मोजायची गरज काय होती, आणि मोजताना काय सुटत असणार. करासाठी मोजणारा कराचं नीट मोजतो, बाकीचं त्याच्या हातून सुटतं आणि त्यात त्याचा दोषही नाही.

हडपसर_टू_हिंजवडी
सर तुमचा मान राखून सांगतो, रोज साडेतीन तास माझे गाडीत जातात. मुंढव्याच्या चौकात उभं राहून मला ३६ लाख की २६ लाख याने काय फरक पडतो? असा कीस काढत बसलं की मूळ प्रॉब्लेम बाजूला राहतो, आणि मग ज्यांना काही करायचंच नाहीये ते म्हणणार बघा आकडा चुकीचा आहे म्हणजे ट्रॅफिक पण नाही. आकडा थोडा वाढवून सांगितला तरी मुद्दा खराच आहे ना.

निवृत्त_आकडेमोड
मुद्दा खरा आहे म्हणून तर म्हणतो. खऱ्या मुद्द्याला लंगडा आकडा जोडला की समोरचा आकडा पाडतो आणि मुद्दाही पडतो, ऑफिसात हे इतक्या वेळा बघितलंय. तुमचे साडेतीन तास हाच भक्कम डेटा आहे. महिनाभर निघायची आणि पोचायची वेळ लिहून ठेवा, गंमत म्हणून.

कर्वेनगरची_ताई
नव्या गाड्या किती हे हवं असेल तर सरकारच्या 'वाहन' वेबसाइटचा डॅशबोर्ड बघा, आरटीओप्रमाणे, महिन्याप्रमाणे मिळतं. या वर्षी पुण्यात किती नोंदल्या, त्यात इलेक्ट्रिक किती, याला तो चांगला. तोच आरटीओ, पण हा प्रश्न त्याच्या कामातलाच असल्यामुळे उत्तर पक्कं मिळतं. 'आज एकूण किती चालू आहेत' याला तोच आकडा कच्चा.

दुसरी बाजू म्हणजे घरोघरी जाऊन विचारणं. मी काही वर्षं सर्वेक्षणाच्या कामाला जात होते. २०११ च्या जनगणनेत घरात दुचाकी आहे का, मोटार आहे का असं विचारलं होतं, देशभरात २१ टक्के कुटुंबांनी दुचाकी आहे सांगितलं, मोटार पाच टक्क्यांपेक्षाही कमी. पण तिथं फक्त आहे-नाही, किती आहेत ते नाही. चार गाड्यांचं घर पण एक आणि एका लुनाचं घर पण एक. शिवाय माणूस काय सांगतो यावर सगळं. गाडी आहे म्हटलं की रेशनकार्डाचं काय होईल या भीतीने दारात ॲक्टिव्हा उभी असताना 'ती पाहुण्यांची' असं ऐकलेलं आहे मी, आणि पाहुणे आतमध्ये चावी शोधतायत :D

मुठाकाठचा
गाड्यांचं माहीत नाही पण आमच्याकडे दर जुलैत हेच धरणावरून होतं. 'खडकवासला १०० टक्के भरलं, आता कपात कशाला?' अहो पुण्याला पाणी देणाऱ्या चार धरणांच्या साखळीत खडकवासला सगळ्यात छोटं, १.९७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट). टेमघर ३.७१, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, सगळी मिळून २९.१५. म्हणजे खडकवासला काठोकाठ भरलं तरी एकूण साठ्याचे सात टक्के पण होत नाहीत. पण तिथून मुठा नदीत पाणी सोडतात, भिडे पूल पाण्याखाली जातो, त्याचे व्हिडिओ येतात, आणि सगळ्यांना वाटतं वर्षाची सोय झाली. गंमत म्हणजे यात आकडा जलसंपदाचा, एकदम बरोबर. मी हे तीन वर्षं ग्रुपवर लिहितोय, तीन वर्षं त्यावर नुसता अंगठा येतो.

पावसाचं पण तसंच, काल पुण्यात इतका मिमी म्हणजे काल सकाळी साडेआठ ते आज सकाळी साडेआठ, आणि तोही शिवाजीनगरच्या वेधशाळेत. लोहगावचं वेगळं, पाषाणचं वेगळं. धायरीत छत्री उलटी झालेला माणूस म्हणतो वेधशाळा खोटारडी.

मिसळीत_पाव_नको
मी गमतीत लिहिलं होतं पण एफसी रोड हा वाईट पुरावा आहे हे आता कळलं. साडेसातला तिथं पुण्यातल्या गाडीवाल्यांपैकी खास गाडी घेऊन फिरायला आलेलेच असतात. सकाळी सहाला सारसबागेत उभं राहिलो असतो तर म्हणालो असतो पुण्यात सगळेच पायी चालतात.

सिंहगडरोडवाला
मीटिंग झाली. तुमचं वाचून शनिवारी रात्री मुलीला कडेवर घेऊन बेसमेंटमध्ये उतरलो आणि सरळ मोजल्या. ५६ फ्लॅट, ८३ दुचाकी, ४१ चारचाकी. माणसं वॉचमनच्या रजिस्टरवरून १९० च्या आसपास, त्यात भाडेकरू वर-खाली होतात म्हणून आसपास म्हणतोय. ८३ पैकी ११ दुचाकींचे टायर बसलेले, वर बोटभर धूळ, एकीवर तर मांजरीने संसार मांडलाय. मीटिंगमध्ये हेच वाचून दाखवलं. चार्ज वाढला तो वाढलाच, पण त्या ११ गाड्या महिन्याभरात हलवायच्या असा ठराव झाला, आणि तेवढ्यात खरं तर पार्किंगचा अर्धा प्रश्न सुटतोय. काका म्हणाले तू पीएचडी कर.

घरी येऊन हे सांगत होतो तर बाबा एकदम गप्प झाले. मग कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं आरसी बुक काढलं. आमची चेतक, १९९८ ची, एमएच १२. २००९ ला भंगारात दिली तेव्हा मीच ढकलत नेली होती कोपऱ्यापर्यंत. म्हणजे त्या ३६ लाखांत आमची पण एक असणार. आता इतक्या वर्षांनी नोंदणी रद्द करता येते का? पुस्तक आहे, गाडी नाही.

निवृत्त_आकडेमोड
संगम पुलाला जाऊन विचारा. बसने जा, तिथं गाडी लावायला जागा नसते.