मांजराची किडनी: ड्राय फूड बंद करायचं की तपासणी वाढवायची?

रामबागकर
इंदुरात मे महिन्यात पारा ४२ च्या आसपास असतो, तरी अनेक घरांत मांजराची वाटी वर्षभर नुसत्या ड्राय फूडनं भरलेली. किडनी सांभाळायची तर हे थांबायला हवं. ४ किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० मिली पाणी लागतं, खाण्यातलं धरून. ५० ग्रॅम ड्राय फूडमधून मिळतं जेमतेम ५ मिली. बाकीचं ते पिऊन पूर्ण भरून काढत नाही, कारण मांजराला तहानच कमी; शिकारीच्या अंगातल्या पाण्यावर भागवणारा हा प्राणी. ओल्या खाण्याचे ८५ ग्रॅमचे दोन पाऊच दिले की १३० मिलीच्या आसपास पाणी पोटात जातं, वर २०-२५ ग्रॅम ड्राय फूड पुरतं.

सुदामानगरची माऊ
रामबागकर, हिशेब बरोबर, निष्कर्ष घाईचा. ड्राय फूडमुळे किडनी जाते हे सिद्ध झालेलं नाही. जास्त पाण्यानं लघवी पातळ होते, तिचा खरा फायदा मूत्राशयातले खडे आणि बोक्यांची लघवी अडकणं यांत दिसतो. आणि या उकाड्यात उघडलेला पाऊच वाटीत किती वेळ टिकणार? दिवसभर नोकरीवर असणाऱ्यांनी काय करायचं?
शिवाय तुमचं वाचून कुणी उद्याच ड्राय फूड बंद केलं आणि मांजरानं तोंड फिरवलं, तर? लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की लिव्हरमध्ये चरबी साठते, आणि ते जिवावर बेततं. बदल ७ ते १० दिवसांत, थोडाथोडाच करायचा.
पैसे घालायचे तर तपासणीत घाला. सातव्या वर्षापासून वर्षातून एकदा, दहाव्यानंतर दर सहा महिन्यांनी: रक्त, लघवी, ब्लड प्रेशर आणि वजन.

रामबागकर
तपासणी हवीच, पण ती उशिरा बोलते. क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा कचरा, जो किडनी बाहेर टाकते) वाढेपर्यंत किडनीचं सुमारे ७५ टक्के काम गेलेलं असतं. म्हातारं मांजर रोडावलं असेल तर स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनिनही कमी, आणि रिपोर्ट उगाच चांगला दिसतो. तोवर वाटीत काय घालायचं हा प्रश्न उरतोच. पाऊच एकदम वाढू नका: सकाळी अर्धा, रात्री दीड. अर्ध्या तासात संपला नाही तर उचला. दुपारी ड्राय फूड राहू द्या, हे तुमचं मान्य.

तुकोगंजची पर्शियन
तुम्ही दोघंही वाटीतच अडकलात! आपल्याकडे पर्शियन मांजरं भरपूर. त्यांच्यात किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आजार आनुवंशिक आहे. आईबापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. तो पाऊचनं थांबत नाही. पिल्लू १० महिन्यांचं झालं की सोनोग्राफी करा, आणि आजार असलेल्या मांजराची पैदास करू नका. आणि घरात येणाऱ्या गुच्छात लिली असेल तर तो दाराबाहेरच ठेवा. अंगाला लागलेले परागकण चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी एक ते तीन दिवसांत किडनी बंद पडू शकते. लक्षणांची वाट पाहू नका, त्याच तासाला डॉक्टर गाठा.

राजवाड्याचा बोका
मग प्रोटीनच कमी करावं ना? भात-दूध जास्त, चिकन कमी. नाहीतर किडनीचं खास खाणं आधीच सुरू करावं.

सुदामानगरची माऊ
नाही दादा, हे अजिबात नको. निरोगी मांजराचं प्रोटीन तोडलं तर स्नायू झिजतात. खास खाण्याचा मुख्य उपयोग फॉस्फरस आवरण्यासाठी, तोही निदान झाल्यावर. नुसतं उकडलेलं चिकनही पूर्ण आहार नाही, त्यात कॅल्शियम फारच कमी. सूप द्यायचंच तर मीठ, कांदा, लसूण न घालता, दोन-तीन चमचे. आपली दुखण्याची गोळी तर कधीच नको: आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किडनी मारतात, पॅरासिटामॉल रक्तातल्या तांबड्या पेशी आणि लिव्हर.
रामबागकर, तपासणी उशिरा बोलते म्हणता, पण एसडीएमए (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला दुसरा घटक) क्रिएटिनिनच्या आधी वाढतं आणि लघवीची घनता, म्हणजे ती किती दाट आहे हे माप, तीही आधी उतरते. ती सतत १.०३५ च्या खाली राहिली तर कारण शोधायचं. लघवीत बुडवायच्या घरच्या पट्टीवर घनता बघू नका, मांजराच्या लघवीत ती भरवशाची नाही. डॉक्टरांना रिफ्रॅक्टोमीटरवरच (घनता मोजायचं उपकरण) बघायला सांगा. नमुन्यासाठी मांजराच्या ट्रेमध्ये लिटरऐवजी (शी-शूसाठीची वाळू) धुतलेले फिशटँकचे खडे पसरा, सिरिंजनं लघवी ओढा आणि एक-दोन तासांत पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा.

रामबागकर
घनतेचं पटलं. मात्र पाऊच खाणाऱ्याची लघवी जराशी पातळ असतेच, डॉक्टरांना आहार सांगून ठेवा. लघवीनं घट्ट होणारं लिटर वापरत असाल तर त्याचे गोळे रोज मोजा. आहार न बदलता ते मोठे किंवा जास्त व्हायला लागले, म्हणजे लघवी वाढली, तर रिपोर्टची तारीख येईपर्यंत थांबू नका.