डोपामिन मोजणारा इलेक्ट्रोड डोपामिनच मोजतो, हे कशावरून ठरते?

प्रश्न

नमस्कार. मी विद्युतरसायनशास्त्र हा विशेष विषय घेऊन एम.एस्सी. करत आहे. जिवंत उंदराच्या मेंदूत कार्बन फायबरचा इलेक्ट्रोड बसवून डोपामिन (चेतापेशींमधील एक संदेशवाहक रसायन) मोजण्याच्या पद्धतीविषयी सध्या वाचत आहे. मेंदूतील पेशीबाह्य द्रवात ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजेच क जीवनसत्त्व, डोपामिनच्या हजारो पटींनी अधिक असते आणि तेही सहज ऑक्सिडीकृत होते. असे असताना नोंदला गेलेला प्रवाह डोपामिनचाच आहे, हे संशोधक कशाच्या आधारे म्हणतात? ग्लुटामेट या दुसऱ्या संदेशवाहक रसायनासाठीही हीच पद्धत चालते का?

पहिला प्रतिसाद

आपली शंका रास्त आहे. या क्षेत्राची सुरुवातच तिच्यापासून झाली. कॅन्सस विद्यापीठातील राल्फ ॲडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 मध्ये उंदराच्या मेंदूत घेतलेल्या व्होल्टॅमेट्रीच्या (विभव, म्हणजे विद्युतदाब, बदलत नेऊन प्रवाह मोजण्याच्या तंत्राच्या) नोंदी प्रसिद्ध केल्या, आणि अशा सुरुवातीच्या नोंदींतील बराचसा प्रवाह ॲस्कॉर्बेटचा, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्लाच्या आयनाचा, असल्याचे पुढे लक्षात आले.

आज प्रचलित असलेल्या जलद चक्रीय व्होल्टॅमेट्रीत सुमारे 7 मायक्रोमीटर व्यासाच्या फायबरवरील विभव −0.4 व्होल्टपासून +1.3 व्होल्टपर्यंत नेऊन परत आणला जातो, तोही सेकंदाला 400 व्होल्ट या वेगाने. म्हणजे एक फेरी 8.5 मिलिसेकंदांत पूर्ण होते आणि सेकंदाला अशा 10 फेऱ्या घेता येतात. डोपामिनचे +0.6 व्होल्टच्या आसपास क्विनोन (त्याचे ऑक्सिडीकृत रूप) होते आणि परतीच्या वाटेवर −0.2 व्होल्टजवळ त्याच क्विनोनचे पुन्हा डोपामिन होते, त्यामुळे आलेखावर दोन शिखरे उमटतात. ॲस्कॉर्बेटचे ऑक्सिडीकरण झाल्यावर परतीचे शिखर मिळत नाही. मला या पद्धतीतील सर्वांत सुंदर भाग मात्र दोन फेऱ्यांमधला थांबा वाटतो. त्या वेळी फायबर ऋण विभवावर असतो, शरीराच्या सामूला डोपामिन धनभारित असल्यामुळे ते त्याच्या पृष्ठभागावर गोळा होते, आणि ऋणभारित ॲस्कॉर्बेट दूर राहते.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन अचूक आहे, पण केवळ आलेखाच्या आकारावर विसंबणे धोक्याचे आहे, कारण नॉरॲड्रेनॅलिनचा आलेख जवळजवळ हुबेहूब तसाच येतो. म्हणून इलेक्ट्रोडचे टोक मेंदूच्या नेमक्या कोणत्या भागात आहे, तेथे कोणत्या चेतापेशींचे तंतू पोहोचतात, त्या तंतूंना उद्दीपन दिल्यावर संकेत वाढतो का आणि डोपामिनचे पुनर्शोषण (पेशींनी ते परत आत घेणे) रोखणारे औषध दिल्यावर तो लांबतो का, हे सारे तपासल्यावरच नाव निश्चित करावे.

दुसरी मर्यादा अशी की, फायबरचा स्वतःचा पार्श्वप्रवाह (डोपामिन नसतानाही वाहणारा प्रवाह) डोपामिनच्या प्रवाहापेक्षा कितीतरी मोठा असल्याने तो वजा करावा लागतो. त्यामुळे काही सेकंदांत झालेला बदल कळतो. मूळ पातळी कळत नाही. ‘मेंदूत इतके डोपामिन आहे’ असे विधान या पद्धतीच्या आधारे कुणी करत असेल, तर ते स्वीकारू नये.

ग्लुटामेट या विभवांना ऑक्सिडीकृत होत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोडवर ग्लुटामेट ऑक्सिडेज हे विकर बसवतात आणि त्याच्या क्रियेतून तयार होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड मोजतात. शेजारी विकर नसलेला दुसरा इलेक्ट्रोड ठेवून इतर पदार्थांचा प्रवाह वजा करणे येथे अत्यावश्यक असते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. परतीच्या शिखराचा मुद्दा आता स्पष्ट झाला. एक शंका उरते: इलेक्ट्रोडचे अंशांकन (ज्ञात प्रमाणाच्या द्रावणात किती प्रवाह मिळतो हे ठरवणे) मेंदूत बसवण्यापूर्वी करावे की बाहेर काढल्यावर?

दुसरा प्रतिसाद देणाऱ्याचे उत्तर

शक्य असल्यास दोन्ही वेळा करावे. ऊतीतील प्रथिने फायबरवर बसून त्याची संवेदनशीलता घटवतात, त्यामुळे केवळ आधीचे अंशांकन वापरल्यास डोपामिनमधील बदल प्रत्यक्षापेक्षा कमी भरतो.