जुना फोर-बाय-फोर पिकअप: फोर-एचचा दिवा लुकलुकतो, मागचं डिफ दुधाळ. आगोटीआधी काय उघडावं?

दर्यावर्दी_डिझेल

2011 चा डबल-कॅब डिझेल पिकअप आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा दुसऱ्याच भांडणात जातो. पुढे टॉर्शन बार (पिळाची स्प्रिंग), मागे पाटे (लीफ स्प्रिंग), डॅशबोर्डवर टू-एच (नुसती मागची चाकं ओढतात), फोर-एच (चारही चाकं), फोर-एल (चारही, जास्त जोर, कमी वेग) अशी गोल नॉब, पुढे व्हॅक्यूमवर लागणारे हब (पुढची चाकं ॲक्सलला जोडणारे), मागच्या डिफमध्ये (डिफरन्शियल, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं) एलएसडी, म्हणजे एक चाक फुकट घसरू न देणारी रचना. टायर 235/70 आर16. आधीच्या मालकाकडे गाडी मुंबईच्या ससून डॉकवरून मासळी वाहायची, म्हणजे खारं बर्फाचं पाणी हौद्यातून चासीवर वर्षानुवर्षं ठिबकलेलं.

आता तक्रारी. फोर-एच लावलं की दिवा लुकलुकत राहतो आणि पुढची चाकं ओढत नाहीत. मागच्या डिफचं तेल दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसतंय. ताशी 65 च्या पुढे सीटखाली थरथर, क्लच सोडताना खालून 'टण्ण'. गाडी रिकामी असताना जोरात ब्रेक मारला तर मागची चाकं लॉक होतात. मागचे पाटे जवळजवळ सरळ झालेत.

गॅरेजवाला ट्रान्स्फर केस (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या चाकांनाही वाटणारा डबा) उतरवून पूर्ण ओव्हरहॉल सांगतोय. त्याच फेऱ्यात दोन इंच लिफ्ट (गाडी उंच करणं) आणि 245/75 टायर टाकायचा विचार आहे. नोंदणीची 15 वर्षंही भरताहेत, तेव्हा आरटीओत गाडी दाखवायची आहेच. काय उरकावं आणि कशाला हात लावू नये?

गिअर_ग्रीस_गोवंडी

ट्रान्स्फर केस उतरवू देऊ नका. दिवा लुकलुकतो याचा अर्थ इतकाच की मॉड्यूलने (फोर-बाय-फोरचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल) हुकूम दिला आणि जागा बदलल्याची पावती परत आली नाही. दोष नॉब, वायरिंग, शिफ्ट मोटर किंवा केसच्या आतला काटा (गिअर सरकवणारा फोर्क), कुठेही असू शकतो. नेमका कुठे, ते केस न उघडता कळतं.

आधी एक. कोरड्या डांबरावर फोर-एच लावून वळू नका. या गाड्यांत मधलं डिफ नसतं. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं, तो फरक कुठेच सुटत नाही आणि सगळी लाइन पिळवटून बसते. मग टू-एचला परत येताना मोटरला काटा ओढता येत नाही आणि दिवा तेव्हाही लुकलुकतो. असं झालंच तर सरळ रेषेत चार-पाच मीटर मागे घ्या, पीळ सुटतो. पुढच्या-मागच्या टायरच्या झिजेत मोठा फरक असेल तरी हीच रड.

आता तपासणी. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, पुढचा भाग स्टँडवर (नुसत्या जॅकवर नाही), गिअर पहिला, चावी ऑन, इंजिन बंद. टू-एचमध्ये पुढचा प्रोपेलर (केसपासून ॲक्सलपर्यंतचा फिरता दांडा) हाताने फिरला पाहिजे. नॉब फोर-एचला घ्या आणि मोटरचा आवाज ऐका. आवाज नसेल तर मोटरच्या दोन जाड वायरींवर मल्टिमीटर लावून नॉब पुन्हा फिरवा. एक-दोन सेकंद 12 व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजेत, परत टू-एचला येताना तेच उलट्या ध्रुवाने. व्होल्ट येतात आणि मोटर हलत नाही, तर मोटर गेली. व्होल्टच येत नाहीत तर फ्यूज, रिले, अर्थ आणि मॉड्यूलचा कनेक्टर. खारं पाणी लागलेल्या गाडीत मी अर्थपासून सुरुवात करेन: चासीवरचा बोल्ट काढून धातू चकचकीत होईपर्यंत घासा.

मोटर काढायच्या आधी नॉब टू-एचला ठेवा आणि शाफ्टवर मार्करने खूण करा. मोटर निघाल्यावर शाफ्ट पान्याने सावकाश फोर-एचच्या खाचेत फिरवा, सोबत पुढचा प्रोपेलर थोडा मागे-पुढे हलवा म्हणजे दाते जुळतील. प्रोपेलर घट्ट लॉक झाला तर केस आतून ठीक आहे आणि ओव्हरहॉलचे पैसे वाचले. नाही झाला तर मग काटा, स्लीव्ह किंवा चेन बघायची. थांबलेल्या गाडीत फोर-एच लागतं पण चालत्या गाडीत नाही, असं असेल तर केसमधल्या मॅग्नेटिक क्लचच्या कॉइलवर संशय घ्या.

हब वेगळे तपासा. प्रोपेलर लॉक आणि इंजिन चालू असताना (आता गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर, दुसऱ्या माणसाने प्रोपेलरला अजिबात हात लावायचा नाही) हब लावा, मग इंजिन बंद करून लगेच एक-एक चाक हाताने फिरवा. चाक फिरतं आणि त्याच चाकामागचा ॲक्सल शाफ्ट उभाच, तर त्या बाजूचा हब लागलेला नाही. बऱ्याचदा रबरी व्हॅक्यूम पाइप चिरलेला असतो. हातपंपाने 15 ते 20 इंच पाऱ्याइतकं व्हॅक्यूम ओढा; मिनिटभर गेजचा काटा पडता कामा नये.

केसमधलं तेल बदलाच. अशा बऱ्याच चेनच्या केसना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) लागतं, साधारण सव्वा ते दीड लिटर. मिस्त्री सवयीने 80डब्ल्यू-90 (जाड गिअर तेल) ओततात, त्यापेक्षा मॅन्युअल उघडा.

नागदेवी_सील

मागच्या डिफबद्दल. गरम डिफ पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि जिथून वाट मिळेल तिथून पाणी ओढते. ब्रीदर (हवा ये-जा करायचं छोटं तोंड) गंजून बंद असेल तर ते सीलच्या ओठातून आत येतं. मुंबईत हिंदमाता किंवा मिलन सबवेत तुंबलेल्या पाण्यातून एकदा गेलं तरी पुरतं. त्यामुळे नुसतं तेल बदलून उपयोग नाही.

क्रम असा: आधी फिलर प्लग सुटतो का बघा, मगच ड्रेन उघडा. गंजलेला फिलर हटला नाही आणि तेल सांडून बसलात तर गाडी जागेवरच. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी चिखल चालतो, टोकदार कण किंवा दाताचा तुकडा चालत नाही. तेल काढल्यावर त्याच ग्रेडचं स्वस्त तेल भरून 10-15 किलोमीटर चालवा, गरम असतानाच काढा, रंग स्वच्छ येईपर्यंत पुन्हा. डिझेलने धुणारे खूप आहेत. एलएसडीच्या क्लच प्लेटांत ते अडकून राहतं, मी टाळतो. शेवटचं भरताना जीएल-5 80डब्ल्यू-90, आणि डब्यावर एलएसडीसाठी चालतं असं स्पष्ट लिहिलेलं हवं. साध्या तेलावर वळणात मागून गुरगुर येते. पातळी फिलरच्या खालच्या कडेपर्यंत, गाडी सपाट जागी.

ब्रीदरच्या जागी नळीचा निपल बसवा, 8 मिलिमीटरची डिझेल होज चासीच्या कडेने टेललॅम्पच्या उंचीपर्यंत न्या, टोक खाली वळवून त्यावर छोटा फिल्टर. ॲक्सल खाली-वर होतो, तेव्हा नळीला ढील ठेवा. पुढच्या डिफला आणि ट्रान्स्फर केसलाही हेच करा.

पिनियन सील (प्रोपेलर डिफमध्ये शिरतो तिथलं) गळत असेल तर मिस्त्री इम्पॅक्ट गन लावायच्या आधी तिथे उभे राहा. आत चेपला जाणारा स्पेसर असेल तर नट किती आवळला यावर बेअरिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला दाब) ठरतो. नट, पिनियन आणि फ्लँजवर एका रेषेत पंच मारा, बाहेर दिसणारे आटे मोजा आणि बसवताना त्याच खुणेपर्यंत, फार तर किंचित पुढे. जास्त आवळलात तर बेअरिंग गरम होऊन वाजायला लागतं.

सील घेताना गाडीचं नाव सांगू नका. जुन्या सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. ते आकडे घेऊन नागदेवीच्या बाजारात जा. ॲक्सल सील गळून ब्रेक शूला तेल लागलं असेल तर शू नवेच, पेट्रोलने धुऊन चालत नाही.

दर्यावर्दी_डिझेल

तपासलं. शाफ्ट हाताने फिरवल्यावर प्रोपेलर पक्का लॉक. कनेक्टरवर व्होल्ट येतात. मोटर उघडली तर आत पाणी आणि हिरवा गंज, एक ब्रश होल्डरमध्येच अडकलेला. डाव्या हबचा पाइप क्लिपपाशी चिरलाय. ओव्हरहॉल रद्द.

गिअर_ग्रीस_गोवंडी

मग काम सोपं आहे. होल्डर साफ करा, ब्रश मोकळा सरकला पाहिजे. झिजला असेल तर त्याच मापाचा कार्बन ब्रश पॉलिश पेपरवर घासून बसवता येतो. कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतो तो तांब्याचा भाग) बारीक पेपरने, खाचा सुईने. मोटरच्या आतल्या गोल संपर्क-चकतीवरच मॉड्यूलला जागा कळते, तिला पेपर लावू नका, फक्त कॉन्टॅक्ट क्लीनर. झाकणाला नवीन ओ-रिंग. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुनी मोटर मिळेल, पण विकत घेण्याआधी तिथेच बॅटरीवर दोन्ही दिशांना फिरवून बघा. डावा पाइप बदलताना उजवाही बदला.

पाटा_शॅकल

मागची चाकं लॉक होण्याचं कारण बहुधा पाट्यांत आहे, आधी ब्रेकमध्ये शोधू नका. चासी आणि ॲक्सलमधलं अंतर बघून मागच्या ब्रेकला दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो, एलएसपीव्ही. पाटे बसले की अंतर कमी होतं, व्हॉल्व्हला वाटतं गाडी भरलेली आहे, आणि तो रिकाम्या गाडीतही पूर्ण दाब सोडतो. लिफ्ट केली की उलट होतं: भरलेल्या गाडीतही मागे दाब कमी. म्हणून पाट्यांची उंची बदलली की एलएसपीव्हीची दांडी मॅन्युअलच्या मापावर पुन्हा लावायचीच. तुमच्या गाडीत तो गंजून अडकलेलाही असेल. हाताने दांडी हलते का ते पाहा. हा पार्ट जुन्या बाजारातून घेऊ नका.

पाट्यांना नवी कमान मारून घेता येते, पण मूळ पोलादाला योग्य पाणी दिलं नाही (तापवून कडक केलं नाही) तर काही महिन्यांत पुन्हा बसतात. रोज ओझं असेल तर नवा सेट घ्या. सोबत बुश, शॅकल (पाट्याचं टोक चासीला टांगणारा जोड) पिन, सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळणारे) नवेच, जुना ताणलेला यू-बोल्ट पुन्हा वापरायचा नसतो. बुशचे नट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा, नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं.

थरथर आणि 'टण्ण' म्हणजे बहुधा प्रोपेलरचे क्रॉस (त्याच्या टोकांचे वाकू देणारे सांधे). कपाभोवती लाल पूड दिसली की तो गेला. काढायच्या आधी फ्लँज आणि स्लिप जॉइंट दोन्हीकडे खुणा करा. दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुफाटे) एका पातळीत नाही बसले तर नव्या क्रॉसवरही थरथर तशीच. कपाचा व्यास आणि समोरासमोरची लांबी मोजून, जुना क्रॉस हातात घेऊन ऑपेरा हाउसच्या दुकानात जा. बसवताना कपातल्या बेअरिंगची एखादी सुई आडवी पडली तर सर्कलिप बसत नाही, ठोकू नका, पुन्हा उघडा. ग्रीस ईपी-2, चारही कपांतून नवं बाहेर येईपर्यंत. प्रोपेलर दोन तुकड्यांचा असेल तर मधल्या बेअरिंगचं रबरही पाहा.

खारवारा

लिफ्टबद्दल माझं मत: आत्ता नको. नवे पाटे मूळ उंचीला आले की तुम्हाला हरवलेली उंची तशीही परत मिळेल. पुढे टॉर्शन बार आवळून दोन इंच काढणारे लोक चाकाची खाली जाण्याची जागा खातात, सीव्ही जॉइंट (पुढच्या ॲक्सलचा सांधा) वाकडा चालतो, बूट फाटतात. इंचभरापेक्षा जास्त नाही, आणि नंतर अलाइनमेंट. डावा-उजवा बार अदलाबदल करू नका.

टायरचं गणित: 235/70 आर16 चा व्यास सुमारे 735 मिलिमीटर, 245/75 आर16 चा 774. फरक 5 टक्के. गाडी वर येते फक्त 19 मिलिमीटर, मीटर 80 दाखवेल तेव्हा तुम्ही 84 वर असाल, आणि घाटात भरलेल्या गाडीला तेवढंच गिअरिंग कमी पडेल. त्यात मोटार वाहन कायद्याचं कलम 52 (गाडीतल्या बदलांवरचं), आणि समोर आरटीओची तपासणी. बुलबार (पुढचा लोखंडी गार्ड) असेल तर तोही आधी उतरवा.

त्यापेक्षा चासी बघा. हौद्याखाली, मागच्या शॅकलच्या कंसाजवळ आणि बॉक्स सेक्शनच्या खालच्या बाजूला स्क्रू-ड्रायव्हर दाबा, हातोडीने वाजवा. बद्द आवाज आला किंवा टोक आत गेलं तर आधी वेल्डिंग, तेही गंज पूर्ण कापून. वरून पत्रा चिकटवला तर आत गंज चालूच राहतो. निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा, गोड्या पाण्याने आतून धुवा, दोन दिवस कडक उन्हात सुकवा, मगच आत मेणाचा फवारा. ओलसर चासीवर अंडरकोट मारून घेतला तर गंज झाकला जातो, थांबत नाही.

मागच्या ॲक्सलवरचे लोखंडी ब्रेक पाइप क्लिपांखाली सडतात, क्लिप काढल्याशिवाय दिसत नाहीत. कॉपर-निकेलचे पाइप करून घ्या, साध्या तांब्याचे नकोत. फ्लुइड पूर्ण नवं, झाकणावर डॉट 3 किंवा 4 जे लिहिलंय ते.

दर्यावर्दी_डिझेल

लिफ्ट आणि टायर बाजूला ठेवले. पाटे नवे घेतोय. यू-बोल्ट बसवल्यावर पुन्हा कधी आवळायचे?

पाटा_शॅकल

200 ते 300 किलोमीटरनंतर, गाडी रिकामी आणि चाकांवर उभी असताना, टॉर्क रेंचने, चारही नट आडव्या-तिरप्या क्रमाने. त्यानंतर पहिल्या पूर्ण लोडनंतर एकदा. एलएसपीव्हीची दांडी मात्र पाटे बसले की लगेच लावा, रस्त्यावर काढायच्या आधी.