गोव्यातल्या माशेलचे घर ग्रुप: आर्याच्या शाळेचा फॉर्म

सोमवार, 20 ऑक्टोबर 2025

नेहा: दिवाळीच्या शुभेच्छा सगळ्यांना. तुमचे फोव (दिवाळीचे पोहे) खाऊन झाले असतील, मी आज ऑफिसात सँडविच खाल्ले. एक सल्ला हवा होता. आर्या पुढच्या सप्टेंबरात हायस्कुलात जाणार. इथे इंग्लंडात त्याला सातवे वर्ष म्हणतात, आपल्या हिशेबाने सहावी. काउन्सिलचा (इथली नगरपालिका) फॉर्म 31 तारखेच्या आत भरायचा आहे आणि शाळांच्या नावांवरून समीरचे आणि माझे दोन दिवस वाजते आहे.

सुलभा: त्यात वाजण्यासारखे काय? हवी ती एक लिहायची आणि मोकळे व्हायचे.

नेहा: मावशी, समीरही तेच म्हणतो. एक शाळा जरा लांब, पण नावाजलेली. दुसरी घरापासून दहा मिनिटे चालत. त्याचे म्हणणे, दुसरे नाव घातले की पहिल्या शाळेला वाटणार, यांना तेवढी गरज नाही.

सुलभा: बरोबरच बोलतो तो.

रश्मी: रोहनच्या पाचवीला आम्ही तसेच केले. एकाच हायस्कुलाचा फॉर्म आणला आणि चार दिवस केबिनबाहेरच्या बाकावर बसून काढले.

प्रसाद: पाचव्या दिवशी काय झाले तेही सांग.

रश्मी: ते राहू दे. बाबा ग्रुपवर आहेत.

अनंत: बाबा वाचत आहेत.

प्रसाद: 👀

अनंत: नेहा, आधी मला सांग, तिथे जागा कमी आणि मुले जास्त झाली तर कोण ठरवते? हेडमास्तर?

नेहा: नाही मामा. प्रत्येक शाळेने क्रम आधीच लिहून जाहीर केलेला असतो, वेबसाइटवर कोणालाही वाचता येतो. मी काल रात्री तीन शाळांचे वाचले. झोप येत नसेल तर उत्तम उपाय आहे.

नेहा: सगळ्यात आधी ज्या मुलांच्या खास गरजांच्या सरकारी आराखड्यात त्या शाळेचेच नाव घातलेले आहे, त्यांना घ्यावेच लागते. ती रांगेत उभीच राहत नाहीत. मग रांग सुरू होते, तिथे पहिला मान सरकारच्या सांभाळात असलेल्या किंवा पूर्वी होत्या त्या मुलांचा. हे इंग्लंडभर सक्तीचे. त्यानंतर शाळेशाळेप्रमाणे फरक. बहुतेक ठिकाणी आधी भावंडे, कुठे ठरावीक प्राथमिक शाळांतून येणारी मुले, कुठे ठरावीक परिसरातली. शेवटी घराचे अंतर.

रश्मी: आजीला वाचून दाखवले. ती म्हणते, "पोरके पोर पहिले? बरे केले त्यांनी."

सुलभा: आणि हुशार मुले?

नेहा: हुशारीचा इथे संबंध नाही. परीक्षा घेऊन मुले निवडणाऱ्या ग्रामर स्कूल म्हणून वेगळ्या शाळा आहेत, पण आमच्या स्विंडनमध्ये तशी नाही. साध्या शाळांना आधीच्या शाळेचा प्रगतीचा किंवा वागणुकीचा शेरा बघायलाही मनाई. मुलाची मुलाखत नाही, आईबापांची नाही. बाप काय काम करतो हे फॉर्मवर विचारायचे नाही. देणगीचे तर नावच नको.

सुलभा: मग ओळखी कुठे चालतात गो?

नेहा: तेच तर, चालत नाहीत.

सुलभा: कठीण आहे.

मंगळवार, 21 ऑक्टोबर

प्रसाद: मी रात्री विचार केला. शाळेच्या जवळ दोन महिन्यांसाठी एक खोली भाड्याने घ्या. पत्ता तिथला द्या. अंतराचा प्रश्न मिटला.

नेहा: दादा, ही युक्ती तुझ्या आधी पुष्कळांना सुचलेली आहे. काउन्सिल टॅक्सचे बिल मागतात, भाडेकरार मागतात, जुने घर अजून तुमच्याकडेच आहे का तेही बघतात. खोटा पत्ता निघाला तर मिळालेली जागासुद्धा काढून घेतात.

अनंत: प्रसाद, तुला हे शिक्षण कोणत्या शाळेत मिळाले?

प्रसाद: तुमच्याच.

नेहा: मामा, आता समीरचा मुद्दा. काल त्याला कागदावर रेघा मारून समजावले, तेव्हा कुठे पटले. आम्ही शाळांना 1, 2, 3 असे नंबर देतो, पण ते शाळांना दिसतच नाहीत. पहिला नंबर दिलेल्यांना आधी घ्यायचे, ही पद्धत नियमानेच बंद आहे. प्रत्येक शाळा आपापल्या नियमाने मुलांची रांग लावते आणि काउन्सिलला देते. समजा आर्याचा नंबर दोन शाळांत लागला, तर आम्ही वर लिहिलेली शाळा तिला मिळते आणि खालची जागा रांगेतल्या पुढच्या मुलाला जाते. म्हणजे दुसरे नाव लिहिल्याने पहिले कमजोर होत नाही.

रश्मी: आणि एकच लिहिले तर?

नेहा: तिथे नंबर लागला नाही तर हाती काहीच नाही. बाकी सगळ्यांचे वाटून झाल्यावर जिथे जागा उरली असेल ती शाळा काउन्सिल देणार. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला असली तरी. घराजवळची शाळा लिहिलीच नव्हती, म्हणून ती तोवर इतरांनी भरलेली.

रश्मी: अगो बाई. म्हणजे आमच्या उलट.

नेहा: अगदी उलट. आणि लांबच्या शाळेत गेल्या वर्षी अंतरावर घेतलेले शेवटचे मूलसुद्धा आमच्या घरापेक्षा जवळ राहणारे होते. दरवर्षी ते अंतर सरकते, म्हणून आशा आहे, पण आशेवर एकुलते एक नाव कसे लिहिणार? अंतर सरळ रेषेत मोजतात, रस्त्याने नव्हे. हेही शाळेशाळेचे वेगळे असू शकते.

अनंत: रेषेत मोजतात हे बरे. आपल्याकडे मांडवीवरून रेघ मारली तर दिवाडी पणजीच्या शेजारी येईल. फेरीबोट कोण मोजणार?

रश्मी: बाबा, आपल्याकडेही किलोमीटरचा नियम आहे ना?

अनंत: आहे, पण लोक समजतात तसा नाही. केंद्राच्या 2010 च्या नियमांत पहिली ते पाचवीला 1 किलोमीटर आणि सहावी ते आठवीला 3 किलोमीटर असे आहे. ते शाळा मुलाच्या किती जवळ असावी यासाठी, सरकारने ती सोय करायची. तुम्ही 800 मीटरवर राहता म्हणून अमुक हायस्कुलाने तुम्हाला घेतलेच पाहिजे, असा त्याचा अर्थ नव्हे.

रश्मी: मग पाचवीला आधी कोणाला घ्यायचे ते कुठे लिहिलेले असते?

(अनंत टाइप करत आहेत, असे वीस मिनिटे दिसत होते. प्रसादने मध्येच नरकासुराचा फोटो टाकला.)

अनंत: लिहितो. मोठे होईल, सांभाळून घ्या.

आपली प्राथमिक चौथीपर्यंत, पाचवीपासून हायस्कूल. ज्या हायस्कुलाची स्वतःची प्राथमिक आहे, तिथली मुले आधीच आत असतात. गावातल्या सरकारी मराठी शाळेतून येणाऱ्यांना उरलेल्या जागा. मी हेडमास्तर असताना माझ्याकडे दर वर्षी अर्ज जास्त आणि जागा थोड्या. मी काय करायचो? आधी आमच्या प्राथमिकची मुले, मग भावंडे, मग गावातली, मग घरची परिस्थिती बघून. हा क्रम वाईट नव्हता, आजही मी तो सोडणार नाही. पण तो माझ्या डोक्यात होता. नोटीस बोर्डावर एक ओळ नव्हती. पालक विचारायचे तेव्हा मी "पाहू" म्हणायचो. ज्याला "पाहू" ऐकू आले तो घरी जाऊन कोणाची तरी ओळख शोधायचा. त्याचा काय दोष?

कायदा मात्र स्पष्ट होता. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 ने प्रवेशाची देणगी बंद केली, मुलाची किंवा पालकांची चाळणी बंद केली. चाळणी केली तर पहिल्या वेळी 25 हजारांपर्यंत दंड, पुढे दर वेळी 50 हजारांपर्यंत. आणि चाळणी कशाला म्हणायचे? चिठ्ठ्या टाकण्यासारखी पद्धत सोडून केलेली कुठलीही निवड. 2010 च्या नोव्हेंबरात केंद्राने खुलासा पाठवला: शाळेने वर्गवारी करावी, भावंडे वगैरे, पण ती आधी जाहीर करावी, माहितीपत्रकात छापावी आणि त्या वर्गात चिठ्ठ्या टाकाव्यात. अल्पसंख्याकांच्या शाळांना 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातून बाहेर काढले, आणि नववीपासून पुढे हा कायदा लागूच नाही. पण आमची शाळा अल्पसंख्याकांची नव्हती आणि पाचवी तर त्यात बसतेच.

म्हणजे चिठ्ठ्या टाकायला सांगितल्या होत्या. आणायला नव्हे.

प्रसाद: 🙈

रश्मी: बाबा, पाचव्या दिवशी आम्ही आमदारांची चिठ्ठी नेली होती. तुम्ही फोन करणार नाही हे माहीत होते.

अनंत: ते मला त्याच संध्याकाळी कळले होते. तिथल्या हेडमास्तरांनीच फोन करून सांगितले.

प्रसाद: आणि तीन वर्षे तुम्ही काही बोलला नाहीत?

अनंत: काय बोलू? फोन केला नाही याचा मला तेव्हा फार अभिमान वाटत होता. मग आठवले, माझ्या टेबलाच्या खणातही अशा चिठ्ठ्या असायच्या. मी त्या फाडायचो, पण बाहेरच्या बाकावरच्या माणसाला ते कसे कळणार?

सुलभा: जाऊ दे रे अनंता, सणाच्या दिवशी. नेहा, शेजारी तुझे कोण ते आपल्या गोव्यातल्या सासष्टीचे, त्यांनी काय केले?

नेहा: हो, तेच सांगायचे होते, एक काम आहे. त्यांनी कॅथलिक शाळा पहिली लिहिली आहे. तिथे अर्ज जास्त आले तर बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिक मुलांना आधी घेतात, त्यासाठी काउन्सिलच्या फॉर्मशिवाय शाळेचा एक वेगळा फॉर्म असतो. मुलीचा बाप्तिस्मा कुडतरीला झाला, दाखला इथे कुठे सापडत नाही.

सुलभा: तूही तीच लिही. शिस्त चांगली असते.

नेहा: लिहिता येते. जागा उरल्या तर धर्म न बघता घ्यावेच लागते. पण आमचा क्रम शेवटचा, म्हणून तिसऱ्या नंबरावर घातली. नावाजलेली पहिली, घराजवळची दुसरी.

प्रसाद: कुडतरीला मी रविवारी जातो. मीस (चर्चमधली प्रार्थना) संपल्यावर चर्चचे ऑफिस उघडे असते. त्यांच्याकडून अधिकारपत्र आणि मुलीचे नाव-तारीख नीट लिहून पाठव.

रश्मी: नेहा, आणि निकाल कधी?

नेहा: 1 मार्चला असतो, यंदा तो रविवार म्हणून 2 मार्चला. नाही मिळाली तर प्रतीक्षायादी. तिथेही आधी आला तो वर असे नाही, तोच क्रम. उद्या कोणी शाळेशेजारी राहायला आला तर आपल्या वर जाऊन बसतो. शिवाय अपील करता येते, तयारीला शाळेचे निदान 20 दिवस देतात, ऐकणारी माणसे शाळेबाहेरची.

रश्मी: बाबा, सईची पाचवी पुढच्या वर्षी. शाळेला आत्ताच पत्र द्यायचे का, की क्रम काय आहे तो माहितीपत्रकात छापा म्हणून?

अनंत: मसुदा मी लिहून देतो. सही तू कर. आणि एकटीची नको, चौथीच्या वर्गातल्या सगळ्या आयांच्या घे.

बुधवार, 22 ऑक्टोबर

नेहा: फॉर्म गेला. तीन नावे. पोच आली.

सुलभा: आजी विचारते, घराजवळच्या शाळेत जेवण काय देतात?

नेहा: मासे आणि चिप्स, शुक्रवारी.

रश्मी: आजी म्हणते, मग तीच पहिली लिहायला हवी होती.